कर्ता कुठे आहे? सातारा-सांगलीच्या लेखनातील शब्दजाती

मराठी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाला शब्दांच्या आठ जाती पाठ असतात. नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद विकारी. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अविकारी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. पाठीशी एवढी परंपरा असून परीक्षेत मात्र ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ एवढेच विचारले जाते. लिहिणाऱ्याचा प्रश्न याच्या पुढचा असतो. आशयाचा भार नामावर टाकायचा की क्रियापदावर, विशेषण ठेवायचे की गाळायचे, ‘आम्ही’ म्हणायचे की ‘आपण’, हे त्याला दर वाक्याला ठरवावे लागते. या निवडीवरूनच वाचकाला कळते, की यात करणारा कोण आणि सोसणारा कोण. शब्दजातीचा नेमका वापर म्हणजे कर्त्याला उजेडात आणणे, असे मी मानतो.

हे तपासायला सातारा आणि सांगलीसारखा दुसरा प्रदेश नाही. जुन्या सातारा जिल्ह्यातले काही तालुके आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची काळी जमीन आणि माणदेशाचा उघडा माळ अशा दोन्ही टोकांना येथे मराठी घडली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्यानंतर नाटक, कथा, आत्मकथन, शाहिरी, चळवळीचे भाषण असे सगळे प्रकार या मातीत पिकले.

नाम

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधली शीर्षकेच पाहा: ‘धर्मा रामोशी’, ‘रामा मैलकुली’, ‘मुलाण्याचा बकस’, ‘तांबोळ्याची खाला’. माणसाचे काम, जात, घर आणि गावाने त्याला नेमून दिलेली जागा, सारे त्या दोन शब्दांत आलेले आहे. ‘मुलाण्याचा’ या षष्ठीने बकसला गावगाड्यात बसवले, की त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. ‘बनगरवाडी’त (१९५५) औंध संस्थानातला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शिकवायला येतो. मेंढरे, कारभारी, तालीम, पाऊस अशा साध्या नामांनी वाडी उभी राहते, आणि दुष्काळात ती उठते तेव्हा वाचकाला प्रत्येक जाणाऱ्याचे नाव माहीत असते. ‘गरीब ग्रामस्थ’ अशा सामान्यनामाने हे कधी साधले नसते.

मन वळवणाऱ्या लेखनात विशेषनामाचे काम आणखी उघड दिसते. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत शारदा’त (१८९९) जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न घेतला. म्हातारा वर भुजंगनाथ, आणि पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला बाप कांचनभट. उपदेश सुरू होण्याआधी नावांनीच प्रेक्षकाचा कौल घेतला. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवध’ (१९०७) लिहिले. त्यात इंग्रज अधिकारी कुठेच नाही; पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारनेही. १९१० साली नाटकावर बंदी आली.

लोकही नामे घडवतात. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून साताऱ्यात समांतर कारभार चालला. ‘प्रतिसरकार’ या संस्कृत वळणाच्या नामाचे गावांनी ‘पत्री सरकार’ केले. गुंड-दरवडेखोरांच्या तळपायांवर होणारी शिक्षा त्या नावातच आली, आणि ते नाव दहशतीचे व दिलाशाचे असे दोन्ही ठरले.

विशेषण

वि. स. खांडेकर सांगलीत १८९८ साली जन्मले. ‘ययाति’साठी १९७४ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. त्यांची भाषा अलंकारांनी भरलेली, पण त्या भरजरीपणाखाली भोग आणि संयम यांतला खरा पेच होता. अनुकरण करणाऱ्यांनी विशेषणे उचलली आणि पेच मागे सोडला. आजही स्मरणिका, गौरवग्रंथ आणि फलकांवर ‘थोर’, ‘अमूल्य’, ‘ऐतिहासिक’ यांची गर्दी असते. या गर्दीत ज्याचा गौरव करायचा तो माणूसच हरवतो, याचे मला वाईट वाटते.

विशेषणाची कसोटी सोपी आहे: ते काढल्यावर वाक्याचे काही बिघडते का? जत्रेच्या जाहिरातीत ‘भव्य कुस्ती मैदान’ असते. ‘भव्य’ काढला तरी मैदान तेच राहते. ‘निकाली कुस्ती’ मधला ‘निकाली’ काढला, तर लढत बरोबरीत सुटणार नाही हे आश्वासनच जाते. ‘निकाली’ हे काम करणारे विशेषण आहे.

अशाच एका विशेषणाने या भागात चळवळ उभी केली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, आणि मागणी झाली ‘समन्यायी पाणीवाटप’. नुसते ‘पाणी द्या’ ही विनवणी असते. ‘समन्यायी’ म्हटल्याबरोबर ती हक्काची भाषा होते. वाट्याचा प्रश्न येतो, नदीकाठ आणि माळ यांतला फरक येतो, भूमिहीनाचाही विचार करावा लागतो.

विशेषण नाम म्हणून उभे राहते तेव्हा तर ते आरोपपत्रच होते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हे शीर्षक असेच आहे. समाजाने चिकटवलेला गुण लेखकाने स्वतःचे नाव म्हणून परत समाजापुढे ठेवला.

क्रियापद

वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) नायकाचे शौर्य क्रियापदांतून कळते. निसर्ग रंगवताना अण्णाभाऊ विशेषणांना मोकळे सोडतात; पण माणूस अन्यायाला भिडतो तिथे वाक्य आखूड होते, कर्ता पुढे येतो आणि क्रियापद घाव घालते. उपाशी माणसाची दया त्यांना मागायची नव्हती. त्याला करणारा म्हणून दाखवायचे होते, आणि त्यासाठी सकर्मक क्रियापदासारखे साधन नाही.

मन वळवणाऱ्याला क्रियापदाचे अर्थही वापरता यायला हवेत. सज्जनगडावर देह ठेवलेल्या समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ मनालाच हाक मारून रचले. आज्ञार्थ आणि विध्यर्थ त्यात सतत येतात, तरी ऐकणारा दुखावत नाही, कारण आज्ञा ज्याला आहे ते मन सांगणाऱ्याचेही आहे.

याच्या उलट कार्यालयीन भाषा. ‘पाणीटंचाईबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ या वाक्यात क्रियेचे नाम झाले, कर्ता गेला, वेळ गेली. ‘सोमवारी टेंभू योजनेचे आवर्तन सुटेल आणि शाखा अभियंता पाटावर हजर राहील’ असे लिहिले, की शेतकऱ्याला कुणाला विचारायचे ते कळते. पहिले वाक्य ऐकत अनेक उन्हाळे काढलेल्या गावांत दुसऱ्याची किंमत सांगावी लागत नाही.

सर्वनाम

‘ययाति’त तीन ‘मी’ आहेत: ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. प्रत्येकाचा ‘मी’ आपली बाजू मांडतो, आणि निवाडा वाचकावर येतो. माणदेशातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीसाठी १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ची ५६ गीते लिहिली. ती निरनिराळ्या पात्रांच्या तोंडी असल्यामुळे परिचित कथेतला ‘मी’ बदलत राहतो, आणि तीच कथा नव्याने ऐकू येते.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक आहे, तो वक्त्याला मिळालेला मोठा ठेवा आहे. ‘आम्ही ठराव केला’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण ठराव करू’ त्याला सतरंजीवर जागा देते. पण चूक एकट्याची आणि भाषा ‘आपल्याकडून राहून गेले’ अशी, हा त्याच ‘आपण’चा गैरवापर आहे. या भागातला ‘कुठं चाललासा?’ हा प्रश्नही इथेच आठवावा: सर्वनाम उच्चारलेलेच नाही, तरी क्रियापदाच्या शेवटच्या ‘सा’मध्ये मान आणि जवळीक दोन्ही आहेत. संवाद लिहिताना तो ‘सा’ प्रमाणभाषेत घासून टाकला, तर पात्र परके होते.

अव्यये

अव्यये लहान, पण वाक्याची दिशा त्यांच्या हाती. ‘बसा’ ही सूचना, ‘बसा की’ हा आग्रह. ‘ऊस परवडतो, पण पाणी फार पितो’ आणि ‘पाणी फार पितो, पण ऊस परवडतो’ या दोन वाक्यांत माहिती एकच आहे. ‘पण’नंतरचे मनात राहते. ‘मुळे’ हे शब्दयोगी तर कारण ठरवते. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत ‘पावसामुळे’, ‘अलमट्टी धरणामुळे’, ‘पूररेषेतल्या बांधकामांमुळे’ असे वाद झडले. ज्या नामाला ‘मुळे’ जोडले त्याच्याकडे बोट गेले. म्हणून पुरावा हाती असल्याशिवाय ते जोडू नये.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिची ‘कमवा आणि शिका’ ही घोषणा व्याकरणाच्या अंगाने पाहावी. दोन आज्ञार्थ, मध्ये ‘आणि’. ‘कमवून शिका’ म्हटले असते तर श्रम शिक्षणाची पायरी ठरले असते. ‘आणि’ने दोन्हींना एका पातळीवर ठेवले. गरीब घरातून आलेल्या मुलाच्या श्रमाला मान देणारे तत्त्वज्ञान एका उभयान्वयी अव्ययात मावले.

व्याकरणाच्या तासाला हे सगळे आणता येईल. मुलांना ग्रामपंचायतीची सूचना, साखर कारखान्याचे निवेदन, वर्तमानपत्रातली बातमी द्यावी आणि तीन गोष्टी करायला सांगाव्या: नाम बनलेल्या क्रिया पुन्हा क्रियापदात आणा, जे काढल्यावर वाक्य हलतही नाही असे प्रत्येक विशेषण गाळा, आणि कर्ता शोधून वाक्याच्या सुरुवातीला बसवा. कथा लिहिणाऱ्याने आणि भाषण करणाऱ्यानेही आपल्या कच्च्या खर्ड्यावर हेच करावे. व्यंकटेश माडगूळकर, अण्णाभाऊ, देवल यांच्या शैली एकमेकांपासून दूर आहेत, पण त्यांच्या वाक्यात माणूस कधी बेपत्ता होत नाही. हा वारसा चालवायचा, तर आपल्या वाक्यांतही कुणी काय केले ते नावानिशी लिहिण्याचे धैर्य हवे. शब्दजाती त्यासाठीच शिकायच्या.