झाडाच्या बदल्यात झाड?



मागच्या व्याख्यानात आपण ‘सार्वजनिक’ या शब्दापाशी थांबलो होतो. जे सगळ्यांचं आहे ते सांभाळायचं कोणी, हा प्रश्न तेव्हा शिल्लक राहिला होता. आज तोच प्रश्न आपण रोज ज्याच्या सावलीतून जातो त्या रस्त्याकडेच्या झाडाला लावून पाहू.

झाडांचा विषय निघाला की दोन पक्ष लगेच तयार होतात. एक म्हणतो, फांदीलाही हात लावू नका. दुसरा म्हणतो, रस्ता रुंद व्हायलाच हवा, एक तोडलं तर दहा लावू. या भांडणात कोण जिंकतं याच्यापेक्षा आम्हाला त्या दुसऱ्या वाक्यातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो. ‘एकाच्या बदल्यात दहा.’ इथे ‘बदल्यात’ म्हणजे नेमकं काय?

शंभराची एक नोट देऊन दुसरी घेतली, तर काही बिघडत नाही. फुटलेल्या माठाच्या जागी नवा माठ आणता येतो. पण काही गोष्टींच्या जागी दुसरी गोष्ट ठेवता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी हा भेद नेमका मांडला. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही चालतं. ज्याच्या जागी दुसरं काही चालतच नाही, त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. कांट हे माणसाविषयी बोलत होते, झाडाविषयी नाही, हे लक्षात ठेवूया. तरी त्यांची कसोटी आपण उसनी घेऊ. साठ वर्षांच्या वडाच्या जागी काय चालेल?

रोपात आणि वडात फरक कशाचा? जात तीच, पानं तीच. फरक आहे तो साठ पावसाळ्यांचा. सावली, खोडातल्या ढोल्या, त्यांत राहणारे पोपट आणि पिंगळे, हे सगळं त्या वर्षांनी घडवलेलं असतं. रोपवाटिकेत रोप विकत मिळतं, वर्षं मिळत नाहीत.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याची चर्चा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा मजकूर. आंबा, फणस यांचं लाकूडही उपयोगाचं आहे, पण त्यांना हात लावू नये, असं तिथे बजावलं आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्याचं कारण. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. तोडूच नये असा हा हट्ट नाही. राज्याला जहाजं हवीच होती. पण झाडामागे गेलेला काळ हिशेबात धरला पाहिजे, एवढं त्या राज्यकर्त्याला कळत होतं.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतल्या झाडांसाठी 1975 चा अधिनियम आहे. त्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरण असतं, वृक्ष अधिकारी असतो, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. झाड तोडण्याआधी स्थानिक वृत्तपत्रात आणि खुद्द त्या झाडावर नोटीस लावून लोकांना कळवायचं असतं. आणि ‘तोडणं’ या शब्दाच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं येतं. ही व्याख्या जरा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

2021 साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला ‘हेरिटेज’ म्हणजे वारसा वृक्ष म्हटलं गेलं. आणि भरपाईचा नियम असा आला की, तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. म्हणजे कायद्यानंही वय मोजायला सुरुवात केली. हे चांगलंच झालं. पण गणित पुन्हा एकदा बघा. साठ वर्षांच्या एका झाडाच्या बदल्यात साठ रोपं. तुमच्यासमोर हा सत्तरी ओलांडलेला मास्तर बसला आहे. त्याला उठवून बालवाडीतली सत्तरेक मुलं इथे बसवली, तर वयांची बेरीज भरेल कदाचित, व्याख्यान व्हायचं नाही!

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयासमोर एका तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी तीनशेहून अधिक झाडं तोडायची होती, त्या प्रकरणात. झाडाचं मोल वर्षाला 74,500 रुपये धरावं आणि त्याला वयानं गुणावं, असं समितीनं सुचवलं. कोणी म्हणेल, हे पुन्हा किमतीवरच आलं. खरं आहे. पण आम्ही याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. ज्या टेबलावर फक्त आकड्यांचीच भाषा चालते, तिथे झाडाच्या नावापुढे आजवर शून्य लिहिलं जात होतं. शून्यापेक्षा आकडा बरा. फक्त तो आकडा म्हणजे झाड नव्हे, याचा विसर पडू नये.

इथवर आपण तोडण्याबद्दल बोललो. पण गावातली पुष्कळशी झाडं कुऱ्हाडीनं मरत नाहीत. ती आपल्या देखत, दहा-पंधरा वर्षं घेऊन मरतात, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ते कसं, हे जरा तपशिलात पाहू.

झाडाची मुळं खोल पाताळात जातात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच पसरलेली असतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. फूटपाथला फरशी बसवताना आपण थेट बुंध्यापर्यंत सिमेंट ओततो, तेव्हा त्यांचा श्वास कोंडतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं एप्रिल 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता, की बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, झाडांवरचे फलक, तारा काढा. आदेश दिल्लीचा, पण झाडाची गरज सगळीकडे सारखीच.

दुसरी गोष्ट केबल आणि जलवाहिनीच्या चरांची. रस्त्याच्या कडेनं सरळ रेषेत चर खणला जातो आणि एका बाजूची जाडजूड मुळं कापली जातात. वर पानं हिरवीच राहतात. मग मे महिन्यातलं वादळ येतं आणि झाड मुळासकट आडवं होतं. खाली रिक्षा असते, कधी माणूस असतो.

तिसरी गोष्ट छाटणी. अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकी वृक्षतज्ज्ञानं हजारो झाडं चिरून अभ्यासली आणि दाखवून दिलं की, झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालतं, तिला बंदिस्त करतं, आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, या कामात त्याचा मोठा वाटा असतो. म्हणून काप त्या कड्याच्या किंचित बाहेर हवा. खोडाला चिकटून कापलं तर कडंच जातं. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदी असेल तर आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट छेद, मग वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. शेंडाच उडवला, तर तिथून फुटव्यांचा झुपका येतो. लोकांना वाटतं, बघा किती छान पालवी आली! पण हे फुटवे सालीलगत, वरवर जोडलेले असतात. काही वर्षांनी ते जड होतात आणि तेच मोडून पडतात.

आता मघाची व्याख्या आठवा. कोणत्याही प्रकारे इजा करणं म्हणजे तोडणं. मग खिळे ठोकणारा, बुंध्याशी कचरा पेटवणारा, मुळं कापून चर बुजवणारा, यांनी काय केलं? कायद्याच्या भाषेत झाड तोडलं. पण यांपैकी कोणी अर्ज करत नाही, आणि कोणी नोटीस लावत नाही.

इथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे: ‘सर, झाड पडून माणूस मेला तर?’ माणसाचा जीव आधी, यात आम्हाला शंका नाही. बुंध्याशी कडक अळंबी उगवली असेल, एका बाजूची माती नव्यानं उचलली गेली असेल, खोडाला उभी भेग असेल, झाड अलीकडे कललं असेल, तर वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवावं आणि गरज पडल्यास ते झाड काढलं जावं. आम्ही त्याविरुद्ध मोर्चा काढणार नाही. पण त्याच वेळी विचारावं, हे धोकादायक झालं कशानं? मुळं आपण कापायची, आणि पडल्यावर ‘झाडं धोक्याची असतात’ म्हणून शेजारची चार तोडायची, हा न्याय झाला नाही.

शेवटी आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सांभाळायचं कोणी? आपल्या परंपरेत पितृऋणाची कल्पना आहे. तिच्यातली खुबी अशी की, हे ऋण ज्यांचं घेतलं त्यांना परत करता येत नाही. ते पुढच्या पिढीला देऊनच फिटतं. रस्त्यावरचा वड लावणारा माणूस बहुधा आज हयात नाही. त्याची पूर्ण वाढ आपणही पाहणार नाही. आपल्याकडे ते झाड मधल्या काही वर्षांपुरतं आलं आहे. त्या अर्थानं सार्वजनिक म्हणजे आज हजर असलेल्या सगळ्यांचं एवढंच नाही, तर आधीच्यांचं आणि नंतरच्यांचंही. आजच्या बहुमतानं ते मोडीत काढताना म्हणूनच हात जरा अडखळला पाहिजे.

पुढच्या व्याख्यानाआधी एवढं करा. आपल्या गल्लीतलं एक झाड निवडा आणि त्याचा बुंधा नीट पाहा. सिमेंट कुठवर आलंय, खिळे किती, कापलेल्या फांद्यांचे खुंट कसे आहेत. जिथे चर खणायचं काम चाललं असेल तिथे थांबून, मुळं वाचवून खणता येईल का, असं विचारा. आणि झाडावर नोटीस दिसली तर ती पूर्ण वाचा, तारीख टिपून घ्या, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या. पुढच्या वेळी आपण पाण्याकडे वळणार आहोत.