साधनांचें छायाचित्र : रंगीत कीं कृष्णधवल ?

ऐतिहासिक साधनाचें छायाचित्र रंगीत घ्यावें कीं कृष्णधवल, हा प्रश्न वरवर पाहतां आवडीनिवडीचा वाटतो. परंतु मूळ साधन नष्ट झालें म्हणजे त्याचें छायाचित्र हेंच साधन ठरतें; आणि छायाचित्रकारानें जें टिपलें नाहीं तें पुढील संशोधकास कायमचें अंतरतें. म्हणून या प्रश्नाचा निर्णय पुराव्याच्या दृष्टीनेंच केला पाहिजे. त्यास उपयोगी असें एक उदाहरण खानदेशाच्या उंबरठ्यावरच आहे.

भुसावळ येथें मेजर रॉबर्ट गिल याची कबर आहे. जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामीं इ. स. १८४४ मध्यें त्याची नेमणूक झाली. त्यानें तैलरंगांत केलेल्या मोठमोठ्या नकला विलायतेस गेल्या; आणि इ. स. १८६६ च्या डिसेंबरांत लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला आग लागून तेथें मांडलेल्या नकला भस्मसात् झाल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं इ. स. १८७२ ते १८८५ पर्यंत नव्या नकला केल्या. त्यांतीलहि पुष्कळशा इ. स. १८८५ मध्यें लंडन येथें आगीच्याच भक्ष्यस्थानीं पडल्या.

गिलनें छायाचित्रेंहि घेतलीं होतीं. अशीं ७४ छायाचित्रें फर्ग्युसनच्या विवेचनासह इ. स. १८६४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. एका कांचेवरून अनेक प्रती निघत असल्यामुळें एका ठिकाणच्या आगीनें त्यांचा नाश होणें शक्य नव्हतें. रंगीत नकल एकच होती, ती गेली. रंगहीन छायाचित्र अनेक हातांत पडलें, तें राहिलें.

मात्र राहिलेल्या पुराव्याची साक्ष कोठवर घ्यावी, हेंहि पाहिलें पाहिजे. त्या काळच्या कांचा निळ्या व जांभळ्या किरणांनाच जागत असत. तांबड्याची त्यांस जवळजवळ ओळखच नसे. अजिंठ्याच्या चित्रांत गेरूचा तांबडा, पिवळी माती, काजळ, हिरवी माती आणि कांहीं लेण्यांत लाजवर्दाचा निळा रंग आहे. अशा कांचेवर तांबडा व पिवळा काळवंडतात, तर निळा फिकट होतो. म्हणून खांब, कमानी व मूर्ति यांच्या घडणीविषयीं तीं छायाचित्रें विश्वसनीय होत; भिंतीवरील चित्रांतील छायाप्रकाशाविषयीं नव्हत. सर्व रंगांना जागणाऱ्या पॅनक्रोमॅटिक कांचा इ. स. १९०६ पासून बाजारांत आल्या. तात्पर्य, जुनें कृष्णधवल छायाचित्र वाचतांना तें कोणत्या कांचेवर घेतलें हें प्रथम पाहावें.

मग रंगीत छायाचित्र निर्दोष म्हणावें काय? तसेंहि नाहीं. इ. स. १९२० ते १९२२ या काळांत इटालियन कारागिरांनीं अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचें रोगण चढविलें. पुढें तें पिवळें पडलें. त्यामुळें त्यावरून घेतलेलें रंगीत छायाचित्र मूळ रंगाची नव्हे, तर त्या दिवशींच्या पृष्ठभागाची साक्ष देतें. दिव्याच्या उजेडाची झांकहि त्यांत मिसळते. गुलाम याझदानी यांनीं इ. स. १९३० ते १९५५ या काळांत चार भागांत काढलेल्या ग्रंथांत रंगीत व एकरंगी अशा दोन्ही प्रतिकृति दिल्या, हें समंजसपणाचें होय.

हाच विचार पोथ्यांना लागू पडतो. धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर येथें हस्तलिखितें जपलेलीं आहेत. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फांशीत. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. श्लोकांचे अंक व दंड कित्येकदां हिंगुळानें काढीत. जुन्या कांचेवर हा हरताळ शाईच्या डागासारखा गडद दिसतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तो पिवळसर कागदांत मिसळून जातो. लेखकानें चूक दुरुस्त केली, हा महत्त्वाचा पुरावा दोन्हींत हरवण्याचा संभव असतो. येथें रंगच हवा. उलट, पाण्यानें डागळलेल्या मोडी कागदावर काजळाची शाई वाचावयाची असल्यास अवरक्त किरणांनीं घेतलेलें कृष्णधवल छायाचित्र अधिक उपयोगी पडतें. कारण काजळ त्यांत काळें राहतें व पुष्कळसे डाग फिके होतात.

आज अंकीय कॅमेऱ्यानें निवड सोपी झाली आहे. रंगीत मूळ प्रतीवरून करडी प्रत केव्हांहि काढतां येते. करड्या प्रतीवरून गेलेला रंग परत आणतां येत नाहीं. म्हणून मूळ प्रत रंगीत घ्यावी, साधनाशेजारीं रंगपट्टी व मोजपट्टी ठेवावी, तारीख व उजेडाचा प्रकार नोंदवावा, आणि प्रती एकाहून अधिक ठिकाणीं ठेवाव्या. अक्षर, रेषा किंवा घडण दाखविण्यासाठीं छापतांना कृष्णधवल प्रत खुशाल वापरावी. परंतु तसें केल्याचें खालीं स्पष्ट लिहावें. वाळवी व आग यांच्या तावडींतून आपलीं सर्व दप्तरें सुटतीलच असें नाहीं. मूळ गेल्यावर राहणारी साक्ष अपुरी असूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.