उपग्रह प्रतिमा आणि वनव्यवस्थापन

कृत्रिम उपग्रहांवरील संवेदकांनी टिपलेल्या पृथ्वीपृष्ठाच्या प्रतिमांचा वनांची मोजणी, वननकाशे व कार्य आयोजना तयार करणे, वणवे व वृक्षतोड यांवर देखरेख ठेवणे आणि वनजमिनीवरील दाव्यांची तपासणी करणे या कामी होणारा उपयोग. सुदूर संवेदनाची ही एक महत्त्वाची उपयोजित शाखा आहे. वने विस्तीर्ण, दुर्गम व सतत बदलणारी असल्याने त्यांची केवळ पायी पाहणी करून वेळेवर माहिती मिळविणे अवघड असते. उपग्रह ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढतो. मात्र त्याला वरून दिसते ते झाडांचे छत्र, संपूर्ण वन नव्हे. त्यामुळे प्रतिमेचे मोल तिच्या स्पष्टतेइतकेच वनाची कोणती व्याख्या धरली आहे आणि प्रत्यक्ष जागेवर किती पडताळणी झाली आहे यांवर अवलंबून असते.

पूर्वपीठिका : भारतात वनसर्वेक्षणासाठी उपग्रहांच्या आधी विमानातून घेतलेली छायाचित्रे वापरली जात. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने वनसंपत्तीचे गुंतवणूकपूर्व सर्वेक्षण सुरू झाले. १९६६ मध्ये नेदर्लंड्सच्या सहकार्याने डेहराडून येथे हवाई छायाचित्रांच्या अर्थबोधनाचे शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. १९७० मध्ये शास्त्रज्ञ पी. आर. पिशरोटी यांच्या मार्गदर्शनाखाली केरळमधील नारळाच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत छायाचित्रे घेण्यात आली. मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडे व निरोगी झाडे त्यांत वेगवेगळ्या रंगछटांत उमटली. भारतातील सुदूर संवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून झाली असे मानतात.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने सोडलेला लँडसॅट-१ हा भूसंपत्तीच्या निरीक्षणासाठी खास योजलेला पहिला उपग्रह होय. त्याची एक प्रतिमा सु. १८५ किमी. लांबीरुंदीचा प्रदेश व्यापी आणि दर १८ दिवसांनी तो त्याच प्रदेशावर परत येई. प्रतिमेतील एक चित्रघटक जमिनीवरील सु. ८० मी. बाजूच्या चौरसाएवढा होता. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारतीय सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात गेल्यावर देशाला स्वतःच्या प्रतिमा मिळू लागल्या. १९९५ मधील आयआरएस-१सी या उपग्रहामुळे २३.५ मी. विभेदनक्षमतेच्या बहुवर्णी प्रतिमा उपलब्ध झाल्या.

मूलतत्त्व : प्रत्येक पदार्थ सूर्यप्रकाशातील निरनिराळ्या तरंगलांब्यांचे कमीअधिक परावर्तन करतो. पानांतील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. हिरव्या प्रकाशाचे शोषण त्या मानाने कमी होते, म्हणून पान हिरवे दिसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त प्रकाशाचा (सु. ०.७ ते १.३ मायक्रोमीटर) मोठा भाग पानाच्या अंतर्गत पेशीरचनेमुळे परावर्तित होतो. त्याहून दीर्घ अवरक्त तरंगांचे परावर्तन पानातील पाण्याच्या प्रमाणानुसार बदलते. म्हणून पान वाळू लागले, रोगट झाले किंवा गळून पडले की या निरनिराळ्या पट्टांतील परावर्तनाचे परस्परप्रमाण बदलते. नेहमीच्या कृत्रिम रंगसंगतीच्या प्रतिमेत निकट अवरक्त पट्टास तांबडा रंग देतात. त्यामुळे तीत दाट वन गडद तांबडे, तर खोल व स्वच्छ पाणी काळसर दिसते.

वनस्पतींचे प्रमाण अंकात मांडण्यासाठी वनस्पती निर्देशांक काढतात. निकट अवरक्त परावर्तनातून तांबड्या प्रकाशाचे परावर्तन वजा करून येणाऱ्या संख्येला त्या दोहोंच्या बेरजेने भागले की हा निर्देशांक मिळतो. उदा., ही परावर्तने अनुक्रमे ०.४५ व ०.०५ असल्यास निर्देशांक ०.८ येतो, तो हिरव्या दाट झाडीचा निदर्शक आहे. ती ०.३० व ०.२० असल्यास निर्देशांक ०.२ येतो, तो विरळ वा वाळलेल्या गवताळ भागाचा असू शकतो. अतिशय दाट वनात मात्र निर्देशांक एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही, म्हणून केवळ त्यावरून लाकडाचा साठा ठरविता येत नाही.

ऋतूची निवड : वनाचा प्रकार ओळखण्यात प्रतिमेच्या तारखेला फार महत्त्व असते. सागाच्या पानझडी वनाची उन्हाळ्यातील प्रतिमा घेतल्यास ते जवळजवळ उजाड भासते. उलट पावसाळ्यात ढगांमुळे जमीनच दिसत नाही. म्हणून भारतातील वनावरणाच्या मोजणीसाठी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील प्रतिमा वापरतात. त्या वेळी आकाश बहुधा निरभ्र आणि झाडांवर पाने असतात. पानगळीपूर्वीची व नंतरची अशा दोन प्रतिमांची तुलना केली की सदाहरित व पानझडी वने वेगळी करता येतात. डोंगराळ भागात सावलीची अडचण येते. यांपैकी बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास माथ्यावरून जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेस असल्याने सह्याद्रीच्या वायव्येकडील तीव्र उतारांवर सावली पडते आणि तेथील झाडीचे वर्गीकरण चुकण्याचा संभव असतो.

वनावरणाची मोजणी : लँडसॅटच्या प्रतिमांवरून हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने (२००८ पासून राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र) १९७२–७५ व १९८०–८२ या दोन कालखंडांतील देशाच्या वनावरणाचे नकाशे तयार केले. त्यांनुसार वनावरण देशाच्या भूक्षेत्राच्या १६.८९ टक्क्यांवरून १४.१० टक्क्यांवर, म्हणजे सु. ५.५५ कोटी हेक्टरांवरून सु. ४.६३ कोटी हेक्टरांवर आले होते. याच काळात सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेले क्षेत्र सु. ७.५ कोटी हे. होते. कागदावरील वन व जमिनीवरील वन यांतील अंतर या नकाशांनी प्रथमच स्पष्ट दाखवून दिले.

१ जून १९८१ रोजी आधीच्या गुंतवणूकपूर्व सर्वेक्षणाचे रूपांतर भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेत झाले. तिने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या अहवालात १९८१–८३ मधील लँडसॅट प्रतिमांच्या आधारे वनावरण ६,४०,८१९ चौ. किमी. (१९.४९ टक्के) असल्याचे नमूद केले. जवळजवळ त्याच काळासाठी, त्याच उपग्रहमालिकेच्या प्रतिमांवरून दोन संस्थांनी काढलेल्या आकड्यांत पाच टक्क्यांहून अधिक फरक पडला. हा फरक उपग्रहाचा नव्हता. विरळ झाडीची गणना कशात करावयाची, छटांचा अर्थ कसा लावावयाचा आणि जागेवर पडताळणी किती करावयाची, यांसंबंधीच्या निर्णयांतून तो उद्भवू शकतो. दोन्ही संस्थांना पुढे आपापल्या आकड्यांचा मेळ घालावा लागला. प्रतिमा वाचण्याच्या पद्धतीला प्रतिमेइतकेच महत्त्व आहे, हे या प्रसंगाने सिद्ध केले.

प्रारंभी प्रतिमा दृष्टीने पाहून १ : १०,००,००० या प्रमाणावर नकाशे काढले जात. २००१ च्या अहवालापासून संपूर्ण देशासाठी संगणकीय पद्धतीने १ : ५०,००० या प्रमाणावर काम होऊ लागले. प्रचलित वर्गीकरणात छत्राची घनता ७० टक्के वा अधिक असल्यास अतिदाट, ४० ते ७० टक्के असल्यास मध्यम दाट आणि १० ते ४० टक्के असल्यास खुले वन मानतात. दहा टक्क्यांहून कमी घनतेच्या वनजमिनीची गणना खुरट्या झुडपी क्षेत्रात होते. २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वनावरण ७,१५,३४३ चौ. किमी. (२१.७६ टक्के) होते. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनावरण ५०,७९८ चौ. किमी. दिले असून त्यांपैकी ८,७३४ चौ. किमी. अतिदाट, २०,५८९ चौ. किमी. मध्यम दाट व २१,४७५ चौ. किमी. खुले होते.

हे आकडे वाचताना व्याख्या ध्यानात ठेवणे आवश्यक असते. किमान एक हेक्टर विस्ताराची व दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन, मालकी व झाडांची जात न पाहता, वनावरणात धरली जाते. त्यामुळे कोकणातील आंब्याच्या व गोव्यातील काजूच्या बागाही त्यात येऊ शकतात. २०२१ च्या अहवालात गोव्याचे वनावरण २,२४४ चौ. किमी. (६०.६२ टक्के) दाखविले आहे. तेथील वन म्हणून नोंदलेले क्षेत्र त्याहून पुष्कळच कमी आहे. जुने नैसर्गिक वन तुटून त्याजागी दाट रोपवन उभे राहिले, तर एकूण आकडा तसाच राहतो. मात्र वनाचे जैविक स्वरूप पार बदललेले असते.

कार्य आयोजना : वनविभागाचा कारभार दीर्घ मुदतीच्या कार्य आयोजनेनुसार चालतो. तीत प्रत्येक वनकक्षातील झाडीचा प्रकार, वय, घनता व उतार यांची नोंद करून कोठे तोड, कोठे लागवड आणि कोठे संपूर्ण संरक्षण हे ठरविले जाते. वनकक्षांच्या सीमा व समोच्चरेषा प्रतिमेवर बसविल्या की ही माहिती एकाच चौकटीत पाहता येते. प्रतिमेवरून वनाचे सारख्या घनतेचे विभाग आधी पाडून मग प्रत्येक विभागात नमुना-भूखंड निवडले, तर कमी भूखंडांच्या मोजणीतूनही लाकूडसाठ्याचा विश्वसनीय अंदाज काढता येतो. राज्यपातळीवर असे काम करण्यासाठी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. रोपवन जगले की नाही हे लागवडीनंतरच्या पहिल्या वर्षी प्रतिमेवरून बहुधा कळत नाही, कारण रोपे लहान असतात व भोवतालचे गवत त्यांच्यापेक्षा अधिक ठळक दिसते. त्यासाठी रोपांची प्रत्यक्ष मोजणीच करावी लागते.

वणव्यांची सूचना : तप्त वस्तू मध्यम अवरक्त तरंगांचे तीव्र उत्सर्जन करतात. या तत्त्वावर टेरा (१९९९) व ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील संवेदक वणव्याची जागा हुडकतात. भारतीय वन सर्वेक्षणाने २००४ पासून अशा सूचना राज्यांच्या वनविभागांना देण्यास प्रारंभ केला. या संवेदकांचा चित्रघटक सु. १ किमी. बाजूचा असल्याने आग त्या चौरसात नेमकी कोठे आहे हे कळत नसे. २०१७ पासून ३७५ मी. चित्रघटकाच्या संवेदकाचा उपयोग होऊ लागल्यावर जागा अधिक नेमकी झाली. सूचना नियतक्षेत्रातील वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर पोहोचते. तरीही उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच माथ्यावर येत असल्याने मधल्या वेळेत लागून विझलेली आग नोंदली जात नाही, तसेच दाट छत्राखालील मंद आग निसटू शकते. उलट कोकणातील राबाची भाजणी किंवा शेतातील काडीकचरा जाळणे हेही वणव्यासारखे दिसू शकते. आग लागण्यापूर्वी जाळरेषा काढणे आणि मोहफुले वेचण्यासाठी पालापाचोळा जाळण्याच्या प्रथेला ग्रामस्थांच्या सहकार्याने पर्याय शोधणे ही कामे उपग्रहाने होत नाहीत.

तोडीवरील देखरेख : प्रतिमेचा परिणामकारक प्रशासकीय उपयोग ब्राझीलमधील ॲमेझॉन वनांच्या बाबतीत दिसून आला. तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून वनतोडीची वार्षिक मोजणी करीत आहे. २००४ मध्ये तिने तोड चालू असतानाच इशारा देणारी दुसरी प्रणाली सुरू केली. इशारे मिळताच निरीक्षक पथके जागेवर जाऊ लागली. नवी संरक्षित क्षेत्रे व कर्जपुरवठ्यावरील निर्बंध यांचीही त्याला जोड मिळाली. २००४ मध्ये २७,७७२ चौ. किमी. असलेली वार्षिक तोड २०१२ मध्ये ४,५७१ चौ. किमी. पर्यंत उतरली. पुढे शासकीय धोरण सैलावल्यावर २०२१ मध्ये ती १३,०३८ चौ. किमी. झाली. उपग्रह दोन्ही काळांत पाहत होताच. फरक पडला तो दिसलेल्या गोष्टीवर कारवाई होण्या-न होण्याचा.

वनहक्कांचा पुरावा : अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर हक्क मागता येतो. २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत उपग्रह प्रतिमांचाही समावेश आहे. जुनी प्रतिमा दावेदाराच्या उपयोगी पडू शकते. तथापि डोंगरउतारावरील लहान तुकडा, आलटून-पालटून पडीक ठेवलेली जमीन किंवा मोहाची झाडे राखून कसलेले शेत प्रतिमेत वन म्हणून दिसण्याचा संभव असतो. केवळ प्रतिमेवर विसंबल्यास अशा कुटुंबाचा दावा अन्यायाने फेटाळला जाईल. म्हणून २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनी स्पष्ट केले की, उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावी, त्यांना डावलून एकमेव पुरावा म्हणून नव्हे. गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब व जागेवरील खुणा यांचे मूल्य त्यामुळे कायम राहिले.

नवी साधने : रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मतरंग सोडून त्यांचे परावर्तन टिपतात, म्हणून त्यांना ढगांची व अंधाराची अडचण येत नाही. दीर्घ तरंगलांबीचे रडार तरंग पानांतून आत शिरून फांद्या व खोडांपर्यंत पोहोचतात. त्यांवरून वनातील जैवभाराचा अंदाज करता येतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह निसार याच प्रकारचा आहे. लेसर किरणांच्या साहाय्याने झाडांची उंची मोजणारे उपकरण २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाठविण्यात आले. २००८ मध्ये लँडसॅटचा संग्रह विनामूल्य खुला झाल्याने एखाद्या वनाचा १९७२ पासूनचा इतिहास कोणासही तपासता येतो.

मर्यादा : छत्राखाली पसरलेली घाणेरी, चराईने नष्ट झालेली पुनरुत्पत्ती, निवडक मौल्यवान झाडांची चोरटी तोड आणि वन्य प्राण्यांचा अभाव या गोष्टी सामान्य प्रतिमेत सहसा दिसत नाहीत. वरून अखंड हिरवे दिसणारे वन आतून पोखरलेले असू शकते. म्हणून प्रत्येक नकाशाबरोबर त्याची अचूकता किती, हे जागेवरील नमुन्यांशी ताडून सांगण्याची पद्धत आहे. बदल कोठे झाला हे उपग्रह त्वरित दाखवितो. तो का झाला व त्यावर उपाय कोणता, हे वनकर्मचारी व वनालगतचे ग्रामस्थ यांच्या जागेवरील पाहणीतूनच ठरते.