सव्वातीन मिनिटांचा राग

ख्याल गाणारा गवई एका रागाला सहज तासभर देतो. आधी षड्जावर आवाज स्थिर करायचा, मग एकेका स्वराची ओळख करून देत वर सरकायचं, मध्येच मागं यायचं, सुचेल तसं वळायचं. पुढची जागा कुठली येणार हे गाणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं. या जागच्या जागी सुचण्याला आपल्याकडे उपज म्हणतात आणि ख्यालाचा जीव तिच्यातच असतो. आता त्याच गवयाला सांगा की तुझ्याकडे सव्वातीन मिनिटं आहेत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच चालते. त्यानंतर सुई मधल्या कागदी लेबलापाशी जाऊन पोचते आणि गाणं संपतं.

तरीही नाशिकमध्ये जन्मलेल्या दत्तात्रेय विष्णू पलुस्करांचा अशा तबकडीवरचा तिलककामोद राग ऐकताना काही राहून गेलं असं वाटत नाही. तासाभराचं गाणं सव्वातीन मिनिटांत कापून बसवलं असेल तर जोड कुठेतरी दिसायला हवा. तो दिसत नाही. हा चमत्कार घडतो कसा, हे उलगडायचं तर गाण्याइतकंच तबकडीच्या पोटातही शिरावं लागतं.

दत्तात्रेय, म्हणजेच बापूराव पलुस्करांचा जन्म २८ मे १९२१ चा. वडील विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे ते मुंबईत आणलं, कर्जापायी तिथली वास्तू गमावली आणि अखेरच्या वर्षांत नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभारला. बापूराव दहा वर्षांचे असताना, १९३१ च्या ऑगस्टमध्ये, वडील गेले. पुढची तालीम वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी दिली. वयाच्या चौदाव्या वर्षी बापूराव पंजाबातल्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायले आणि १९४४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ‘बैजू बावरा’ या १९५२ च्या चित्रपटात अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांनी गायलेली देसी रागातली जुगलबंदी आजही घरोघरी माहीत आहे.

ते ज्या तबकडीसाठी गायले, तिचा कच्चा माल झाडावर तयार होत असे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ती लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि थोडा कापसाचा तंतू, एवढ्या ऐवजावर गरम साचा दाबला की ७८ ची तबकडी तयार व्हायची. दगडाची पूड मुद्दाम घालत. पोलादी सुई तबकडीवर टेकली की पहिल्या काही फेऱ्यांतच ही पूड तिचं टोक घासून खाचेच्या मापाचं करायची. त्यामुळे एक बाजू वाजली की सुई बदलायची, हा ग्रामोफोन असलेल्या प्रत्येक घरातला शिरस्ता होता. त्या घासण्याचाच आवाज आपण जुन्या तबकडीवर सतत ऐकतो. गाण्याच्या मागची ती खरखर म्हणजे दगड आणि पोलाद यांची झटापट असते.

टेप येण्याआधी मुद्रण थेट मेणाच्या जाड चकतीवर होई. चूक झाली तर ती पुसायची सोय नव्हती, तुकडे जोडायची तर मुळीच नव्हती. चकती बाजूला ठेवायची, नवी लावायची आणि गवयानं पहिल्यापासून गायचं. म्हणजे स्टुडिओ असला तरी ती सव्वातीन मिनिटं एका दमात, एका बैठकीत गायलेली असत. उपजेला तिथंही वाव होता आणि धोकाही तितकाच होता.

आता तालाचा हिशेब मांडून पाहू. विलंबित एकतालात बारा मात्रा असतात. एका मात्रेला चार सेकंद धरले तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. सव्वातीन मिनिटांत अशी जेमतेम चार आवर्तनं बसतील. बंदिशीचा मुखडा चार वेळा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणार आणि बाजू संपणार. इतक्यात ना आलाप उलगडेल, ना अंतरा. आता लय बदला. द्रुत तीनतालात सोळा मात्रा आहेत. मिनिटाला २४० मात्रांची लय घेतली तर एक आवर्तन चार सेकंदांत पुरं होतं आणि त्याच बाजूवर ४८ आवर्तनं मिळतात. चार समा की अठ्ठेचाळीस समा, असा हा सवाल होता. म्हणून ७८ च्या तबकड्यांवर बहुतेक गवई मध्य आणि द्रुत लयीतल्या बंदिशींकडे वळले. ग्वाल्हेर घराण्याची शिस्त इथं फार कामी आली. या घराण्यात बंदिश स्थायी-अंतऱ्यासह आधी ठाशीव मांडतात आणि विस्तार तिच्या अंगानं करतात. विष्णू दिगंबर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले होते, त्यामुळे बापूरावांच्या गळ्यात ही शिस्त घरातूनच आलेली होती.

तिलककामोदाचं उदाहरण घेऊ. हा राग आपली ओळख एका लहानशा वळणात देतो. मंद्र पंचमावरून निघायचं, मंद्र निषादाला स्पर्श करून षड्जावर, तिथून रिषभ, गंधार आणि परत षड्ज. मग रिषभावरून एकदम पंचमावर झेप घ्यायची आणि मध्यम-गंधारावरून उतरत षड्ज-निषादाकडे यायचं. निषादावरचा तो थांबा आला की जाणकाराची मान हलते. शेजारचा देस राग याच स्वरांच्या आसपास फिरतो, पण चाल वेगळी ठेवतो. तासभराच्या मैफलीत गवई हे वळण पुन:पुन्हा घेऊ शकतो, मध्ये दूर जाऊन परत येऊ शकतो. सव्वातीन मिनिटांत प्रत्येक वाक्याला रागाची ओळख द्यावीच लागते. एकही स्वरसमूह केवळ वाट चालण्यासाठी खर्च करता येत नाही. आवर्तन चार सेकंदांचं असताना दोन आवर्तनांची तान म्हणजे आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत तान कुठून उठली, कुठं वळली आणि मुखड्याला कशी मिळाली हे दाणा-दाणा वेगळा ऐकू यायला हवं. बापूरावांच्या गळ्याची निर्मळ, गोड, स्वच्छ तान या कामासाठीच घडवल्यासारखी होती.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं लाँगप्ले रेकॉर्ड बाजारात आणली आणि हा सगळा हिशेब उलटला. लाखेच्या जागी विनायल आलं. त्यात दगडाची पूड नव्हती, म्हणून खरखर गेली. खरखर गेल्यामुळे खाच बारीक करता आली, आणि फेरेही मिनिटाला ७८ वरून ३३⅓ वर आले. बारा इंची बाजूवर बावीस-तेवीस मिनिटं मावू लागली. अशा एका बाजूवरची खाच उलगडून सरळ ताणली तर ती जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. आणि ही एकच सलग खाच असते. तबकडीवर आपल्याला अनेक वर्तुळं दिसतात, पण प्रत्यक्षात ती बाहेरून आत वळत जाणारी एक अखंड वाट आहे.

या खाचेची रुंदी माणसाच्या केसापेक्षा कमी भरते. तिच्या दोन्ही भिंती नागमोडी कापलेल्या असतात आणि सुई त्या भिंतींच्या वळणांनुसार थरथरते. स्टिरिओ तबकडीत आतली भिंत डाव्या बाजूचा आवाज सांभाळते, बाहेरची उजव्या बाजूचा. तानपुऱ्याच्या जवारीतून उठणारी बारीक झणझण त्या भिंतींवर मायक्रॉनच्याही अंशाइतक्या खळग्यांत कोरलेली असते. ७८ च्या खरखरीत हा तानपुरा बराचसा बुडून जायचा. लाँगप्लेवर तो ऐकू येऊ लागला आणि गवई कोणत्या आधारावर स्वर लावतो आहे हे घरात बसून कळू लागलं.

पण या वाटेत एक पेच आहे आणि तो थेट ख्यालाच्या रचनेला जाऊन भिडतो. तबकडी एकाच गतीनं फिरते, तरी बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान असतो. लाँगप्लेच्या सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते. बाजू संपता संपता ती २० ते २१ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढाच एक सेकंद लिहायला शेवटी निम्म्याहून कमी जागा उरते. आणि ख्याल कसा चढतो? आरंभी संथ आलाप, शेवटी द्रुत आणि तानांचा वर्षाव. जिथं जागा भरपूर तिथं गाणं सावकाश चालतं, आणि जिथं जागा आटलेली असते नेमक्या तिथं स्वरांची सर्वाधिक गर्दी होते. तबकडीचा सगळ्यात अवघड भाग आणि गवयाचा सगळ्यात अवघड भाग एकाच ठिकाणी येतात. उत्तम कापलेल्या आणि नीट जपलेल्या तबकडीवर शेवटच्या ताना सुट्या सुट्या ऐकू येतात, तेव्हा गवयासोबत खाच कापणाऱ्या तंत्रज्ञालाही दाद द्यायला हवी.

तबल्याची अडचण वेगळी. डग्ग्याचा घुमारा म्हणजे कमी कंपनाचा आवाज, आणि कमी कंपनाचा आवाज खाचेला रुंद हेलकावे घ्यायला लावतो. तो तसाच कापला तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून मुद्रणावेळी खर्ज दाबतात आणि वरचे स्वर वाढवून कापतात. वाजवताना प्रवर्धक बरोबर उलटं करतो. खर्ज उचलतो, वरचे स्वर खाली आणतो आणि त्यांच्यासोबत पृष्ठभागाची खसखसही खाली जाते. या उलटसुलट व्यवहाराचं प्रमाण १९५४ च्या सुमारास सगळ्या कंपन्यांनी एकसारखं केलं. डग्ग्यावर पडलेला हात आपल्यापर्यंत असा दोनदा उलटून पोचतो आणि तरी मूळचाच वाटतो.

लाँगप्लेची एक बाजू ख्यालाला किती मानवते हे किशोरी आमोणकरांच्या तबकडीवर स्पष्ट ऐकू येतं. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. आपला मघाचाच हिशेब लावला तर बावीस मिनिटांत विलंबित एकतालाची सत्तावीस आवर्तनं बसतात. चारांवरून सत्तावीस! त्यात विलंबित आणि द्रुत दोन्ही बंदिशींना जागा मिळते, स्वरांना एकेक करून बढत मिळते आणि तरी मैफलीतला सैलपणा राहत नाही.

सुचेल तसं वाजवणाऱ्या जगातल्या इतर मंडळींनाही तबकडीत मावण्याचा हाच प्रश्न पडला. ग्रेटफुल डेड हा अमेरिकेतला जॅम बँड, म्हणजे मंचावर एका गाण्यातून तासन्‌तास वाटा काढणारा वाद्यवृंद. त्यांचं ‘डार्क स्टार’ १९६८ साली स्टुडिओत मुद्रित होऊन आलं ते तीन मिनिटांहूनही कमी लांबीचं. पुढच्याच वर्षी आलेल्या मैफलीच्या अल्बमवर त्याच गाण्यानं लाँगप्लेची एक अख्खी बाजू व्यापली, तब्बल २३ मिनिटं. याच बँडचे तालवादक मिकी हार्ट आणि माहीमचे झाकीर हुसेन यांनी मिळून १९७६ साली ‘डीगा’ हा तालवाद्यांचा अल्बम केला. दोन्ही परंपरांना एकमेकींचं मन कळायला फार वेळ लागला नाही, कारण पेच एकच होता. वाहत्या गोष्टीला कडा कशी द्यायची?

मुद्रणासाठी बंद खोलीत गाताना गवयासमोर मान हलवणारे श्रोते नसतात. समेवर ‘वाहवा’ येत नाही, आणि त्या दादेतून सुचणारी पुढची जागाही येत नाही. हे नुकसान खरंच आहे. पण न मुद्रित होण्याचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब आज आपल्या कानांना पारखे आहेत, कारण त्यांची ध्वनिमुद्रिका नाही. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर, तबकडीसाठी गायल्या. साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरची त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत बसली आणि आज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहे. पृथ्वीच्या संगीताचा नमुना म्हणून पाठवायला तेवढी मिनिटं पुरेशी ठरली.

१९५५ साली सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांची लाँगप्ले अमेरिकेत निघाली. एका बाजूला एक राग आणि आरंभी व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी करून दिलेली ओळख. हिंदुस्थानी रागाला लाँगप्लेची अख्खी बाजू मिळण्याची ही सुरुवात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बापूराव पलुस्कर मेंदूच्या आजारानं गेले. वय अवघं चौतीस. लाँगप्लेसाठी गाण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. त्यांच्या छोट्या तबकड्यांतल्या बंदिशी पुढे लाँगप्लेवर एकत्र आल्या आणि आकाशवाणीनं जपलेलं त्यांचं विस्तारानं गायलेलं गाणंही प्रकाशित झालं. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून ऐकण्याची चैन आज आपल्याला करता येते.

नाशिककरांनी ती जरूर करावी. पंचवटीत पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे, पण बापूरावांचं सगळ्यात जिवंत स्मारक त्या तबकड्यांतच आहे. आधी त्यांचं विस्तारानं गायलेलं गाणं ऐका, मग छोटी तबकडी लावा. विस्तारात ज्या जागांवर ते रेंगाळतात त्यांतल्या कुठल्या त्यांनी सव्वातीन मिनिटांत राखल्या आणि कुठल्या सोडून दिल्या, हे हळूहळू कानाला उमगू लागतं. मैफलीत गवई त्या दिवशी काय काय सुचलं ते सांगतो. तबकडीवर तो सांगतो की सगळं सोडावं लागलं तरी या रागातलं काय सोडता येणार नाही. चौतीस वर्षांच्या आयुष्यात बापूरावांनी हे इतक्या रागांबद्दल सांगून ठेवलं आहे की राग शिकू पाहणाऱ्या कुणालाही त्यांच्या तबकड्यांपासून सुरुवात करता येईल.