हिवाळ्यांतील मोटारीची तयारी

पुण्याहून इंदापूरमार्गें नीरा-नरसिंहपूरला कुलदैवताच्या दर्शनास निघालेलीं कुटुंबें थंडीच्या दिवसांत बहुधा पहाटेच्या अंधारांतच घर सोडतात. इंदापूरला सोलापूरचा हमरस्ता सोडून अकलूजच्या वाटेला लागलें, कीं कांहीं वेळानें बावडा लागतो. एका अंगास भीमा, दुसऱ्या अंगास नीरा आणि मधल्या पट्ट्यांत पाटाच्या व विहिरींच्या पाण्यावर पोसलेला ऊंस, असा हा मुलूख आहे. मार्गशीर्ष-पौषांत या वाटेनें मोटार न्यावयाची, तर तिची तयारी निघण्याच्या चार दिवस आधीं घरींच झालेली असली पाहिजे.

हिवाळ्याची तयारी म्हटली, कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें युरोप-अमेरिकेंतील बर्फ, चाकांना बांधलेल्या सांखळ्या व गोठलेलें पाणी उभें राहतें. पुणें जिल्ह्याची गोष्ट निराळी आहे. पुण्याच्या वेधशाळेंत १७ जानेवारी १९३५ रोजीं १·७ अंश सेंटिग्रेड इतकें नीचांकी तपमान नोंदलें गेलें. त्या विक्रमी थंडींतहि पारा शून्यापर्यंत उतरला नाहीं. रेडिएटरमध्यें शीतक द्रव घालावयाचा, तो गोठण्याच्या भयानें नव्हे, तर गंज व अतिउष्णता टाळण्यासाठीं. इकडचा हिवाळा इंजिनापेक्षां चालकाच्या दृष्टीची परीक्षा अधिक घेतो, आणि तयारी करतांना हेंच मुख्य सूत्र ध्यानांत ठेवावयास हवें.

तरी पहिला मान बॅटरीचा. तिची खरी हानि होते ती वैशाखाच्या उन्हांत. ती उघडकीस येते मात्र पौषाच्या पहाटे. थंडीनें आंतील रासायनिक क्रिया मंदावते, त्याच वेळीं इंजिनांतील तेल दाट झालेलें असतें, आणि दुबळी बॅटरी तें ओझें पेलूं शकत नाहीं. रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरी सुमारें १२·६ व्होल्ट दाखवीत असेल तर ती भरलेली समजावी. १२·४ च्या खालीं असेल तर ती भरून घ्यावी. तिच्या टोकांवर सांचलेला पांढरा-निळसर थर साफ करून जोड घट्ट करावे. स्टार्टर एका दमांत पांच-दहा सेकंदांहून अधिक वेळ फिरवूं नये. इंजिन तापविण्यासाठीं मोटार दारें लावलेल्या गॅरेजमध्यें चालू ठेवणें तर प्राणावर बेतणारें आहे. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास.

टायरमधील हवेचा दाब तपमान सुमारें साडेपांच अंशांनीं उतरलें कीं दर चौरस इंचास जवळजवळ एक पौंडानें घटतो. म्हणून दाब पाहावयाचा तो सकाळीं, टायर थंड असतांना.

आतां दृष्टीचा विचार. समोरची कांच बाहेरून सर्वजण पुसतात. आंतून क्वचितच कोणी पुसतो. आंतील बाजूस धुळीचा व तेलकट वाफेचा पातळ थर सांचतो, आणि समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश त्यावर पसरून सारी कांच पांढरी दिसूं लागते. चार-पांच माणसें मोटारींत बसलीं, कीं त्यांच्या श्वासांतील बाष्प थंड कांचेवर जमतें. अशा वेळीं हातानें कांच पुसण्यांत अर्थ नाहीं. बाहेरची ताजी हवा आंत घ्यावी आणि वातानुकूलन यंत्र उष्ण हवेसह चालू करावें. तें यंत्र हवेंतील ओलावा शोषून घेतें. वायपरचें कडक झालेलें रबर प्रवासापूर्वींच बदलावें.

धुकें पडतें तें निरभ्र आकाश व निवांत वारा असलेल्या रात्रीं. जमीन आपली उष्णता झपाट्यानें गमावते, आणि नदीकांठची व भिजलेल्या शेतांवरची दमट हवा थिजून जमिनीलगत धुकें होतें. त्यांत दिव्यांचा वरचा झोत टाकला, तर असंख्य जलबिंदूंवरून तो परत चालकाच्याच डोळ्यांवर येतो. म्हणून झोत खालचाच ठेवावा. मागचे लाल दिवे लागतात कीं नाहीं, हें घरच्या माणसास मागें उभें करून पाहून घ्यावें.

या तालुक्यांत ऊंस आणि मोटार यांचें नातें जुनें आहे. वालचंदनगर वसविणाऱ्या वालचंद हिराचंद यांनींच १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी स्थापिली. रस्त्यावर मात्र या दोहोंची गांठ धोक्याची ठरते. धुक्याचे महिने तेच गळिताचे महिने. पहांटे कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांना पुष्कळदां दिवा नसतो. ट्रॅक्टरच्या मागें जोडलेल्या ट्रॉल्यांचे दिवे बाहेर आलेल्या उंसाच्या वाढ्यांखालीं झांकून जातात. एकादी ट्रॉली बिघडून वाटेंतच उभी असते आणि तिच्यामागें चार दगड, एवढीच काय ती खूण. गाडीवान तोडणीच्या श्रमानें थकलेला असतो. मागून येणाऱ्या संकटाची त्याला कल्पनाहि नसते.

खालच्या झोतांत साधारणतः ४० ते ५० मीटर रस्ता दिसतो. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर, चालकाला सावध होण्यास लागणारा दीड सेकंद धरून, सुमारें ४५ मीटरांत थांबते. वेग ८० असेल, तर सुमारें ७० मीटर लागतात. म्हणजे गाडी दिसते तेव्हां थांबण्यास जागा उरलेलीच नसते. धुक्यांत दृष्टि ३० मीटरांवर आली, तर वेग ४० च्या खालीं हवा. बॅटरी नवी, टायर नवे, ब्रेक उत्तम, तरी हा हिशेब बदलत नाहीं.

म्हणून तयारींतील शेवटची गोष्ट मोटारीची नव्हे, वेळापत्रकाची आहे. धुकें दाट असेल तर इंदापूरला चहा घेऊन थांबावें. सूर्य कासराभर वर आला, कीं तें विरूं लागतें आणि उंसाच्या गाड्या दुरूनच दिसतात. दर्शन तासभर उशिरां घडल्यानें कांहींच बिघडत नाहीं. घाईची किंमत मात्र कदाचित् त्या गाडीवानाच्या घराला मोजावी लागते.