इफ्तारच्या आधीचा अर्धा तास

अस्रची नमाज झाली की घराघरांत इफ्तारची गडबड सुरू होते. कढईत भजी, एकीकडे फळे चिरणे, शेजारी पाठवायची ताटे. नेमके तेव्हाच तीन-चार वर्षांचे पोर हट्टाला पेटते. खजुराचे ताट पालथे होते आणि दिवसभराची उपाशी अम्मी हात उगारते. रमजानात शैतान जखडलेला असतो, असे मानणाऱ्या घरातच पोराला ‘शैतान’ अशी हाक बसते!

खरे तर पोर बिघडलेले नसते, त्याचे वेळापत्रक बिघडलेले असते. तरावीहहून अब्बा परतेपर्यंत ते जागे, सहेरीच्या भांड्यांनी पुन्हा जागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार या वयाला दुपारच्या डुलकीसह १० ते १३ तास झोप हवी. म्हणून जुहरनंतर घर तासभर शांत ठेवणे, हा पहिला उपाय.

दुसरा उपाय हाताला काम. रोजा वयात आल्यावर फर्ज होतो. चिमुकल्यांचा ‘चिडिया रोजा’ म्हणजे दोन जेवणांमधला हौसेचा खेळ. त्यांचे खाणे-पिणे वेळेवरच हवे. सहीह बुखारीत आशुराच्या रोजाची आठवण आहे. मदिनेतल्या स्त्रिया मुलांसाठी लोकरीची खेळणी करीत आणि मूल खाण्यासाठी रडू लागले की ते खेळणे त्याच्या हाती देत. आज त्या हातात मोबाईल जातो, आणि तो काढून घेताना दुप्पट रडारड होते.

मोबाईलपेक्षा दस्तरखान बरा. १९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. आजूबाजूला सापडणाऱ्या वस्तू हेच शिकण्याचे साहित्य झाले. दस्तरखानही असेच एक अंगण आहे. घरात पाच माणसे, पाच ताटल्या, प्रत्येकीत तीन खजूर. शंभरपर्यंत आकडे घोकणाऱ्या मुलालाही हे वाटप पहिल्या दिवशी चुकते, कारण एका वस्तूला एक आकडा हे बोटांनीच कळते. मोठी फळे इकडे, लहान तिकडे, बिया वाटीत. पाणी सांडेल. सांडू द्यावे, फडकेही त्याच्याच हाती द्यावे.

सांगताना एका वेळी एकच काम सांगावे, खाली बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून. ‘शहाणा आहेस’ यापेक्षा ‘दादीची ताटली तू बरोबर भरलीस’ हे त्याला नेमके कळते. ‘धिंगाणा घालू नकोस’ म्हटल्यावर काय करायचे, हे मात्र कळत नाही.

शेवटी एक खजूर त्याच्या मुठीत द्यावा, ‘अजान झाली की आपण मिळून खाऊ’ असे म्हणून. वाट पाहण्याचा हा सराव दोन-चार मिनिटांचाच असावा. आधीच तोंडात टाकला तर टाकू द्यावा. त्याचा रोजा कुठे मोडणार आहे?