तांब्याभर पाणी आणि ब्रह्मकमळ



या पानावर नेहमी लागण, खोडवा, खतं यांचा विषय असतो. आज जरा घरातल्या खिडकीकडे वळू या.

चार वर्षांपूर्वी वहिनींनी माहेरहून ब्रह्मकमळाचं एक पान आणून कुंडीत लावलं. मी पाटाच्या पाण्यावर वाढलेला गडी. रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी ओतायचो. दोन महिन्यांत पान बुडाकडून पिवळं पडलं, मऊ झालं. उपटून पाहिलं तर मुळ्या काळ्या, कुजलेल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे तहानेनं नाही, तुमच्या मायेनं मेलं."

मग माहिती काढली. हे झाड मूळचं मेक्सिको व मध्य अमेरिकेतलं, निवडुंगाच्या कुळातलं. रानात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. म्हणून त्याच्या मुळांना ओल हवी, तशी हवाही हवी. आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड. कळी त्याच्याच कडेला फुटते. उत्तराखंडाचं राज्यपुष्प असलेलं हिमालयातलं ब्रह्मकमळ मात्र निराळं.

दुसऱ्या खेपेला पान तोडून चार दिवस सावलीत ठेवलं, काप सुकू दिला. बुडाला भोक असलेली लहान कुंडी घेतली. मातीत भरपूर वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळलं. कुंडी पूर्वेच्या खिडकीत, कोवळ्या उन्हात ठेवली. बोट खुपसून पाहायचं, माती कोरडी लागली तरच पाणी. थंडीत आणखी कमी. युरिया बंद, कारण त्यानं पाला माजतो, फूल येत नाही. कळी धरल्यावर कुंडी हलवायची नाही, नाहीतर कळ्या गळतात.

तिसऱ्या पावसाळ्यात कळी आली. एका रात्री दहाच्या सुमारास फूल उमलू लागलं, घर वासानं भरलं. शेजारपाजार गोळा झाला. पहाटे फुलानं मान टाकली.

त्या रात्री मला ओढ्याकाठचं आमचं एकरभर रान आठवलं. तिथंही मी रात्री पाणी सोडून बांधावर झोपायचो. आज त्यावर पांढरी खार फुटली आहे, ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. कृष्णा-वारणा काठच्या कितीतरी जमिनी अशाच जादा पाण्यानं आणि निचऱ्याअभावी खारवट, चोपण झाल्या.

कुंडीतलं रोप मेलं, तर नवं पान लावता येतं. जमिनीचं तसं नाही. म्हणून आता पाण्याची पाळी आली तरी आधी वीतभर खोल उकरून मूठभर माती दाबून पाहतो. गोळा होत असेल, तर पाणी थांबवतो. आपणही एकदा पाहावं, ही विनंती.